गजेंद्रचं यकृत

गजेंद्र हा आरंभशूर माणूस. हे मी एकटी म्हणत नाही, आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईनेच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुरुवात झोकात करतो हो आमचा गजू. पुढचं मात्र तू बघ." मला वाटलं, सासूबाई चेष्टा करतायत. कॉलेजपासूनची आमची ओळख, अरे-तुरेतली. पण नाटकाच्या तालमीला पहिले चार दिवस सगळ्यांच्या आधी हजर असणारा हा मुलगा पाचव्या दिवशी कुठे गायब होतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

लग्नानंतर कळलं. पेटी शिकायची म्हणून पेटी आली, ती कपाटावर चढली ती चढलीच. गच्चीत वांगी लावायची म्हणून कुंड्या आल्या, त्यांत मांजरीने पिल्लं घातली. माझी बँकेतली बदली चेन्नईला झाली आणि त्याने ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा तमिळ शिकायचं म्हणून एकदम तीन पुस्तकं आली. इतकी वर्षं झाली, अजून रिक्षावाल्याशी "कोंजम, कोंजम", म्हणजे थोडं थोडं, एवढ्यावरच निभावतो. ट्रेडमिलवर आमच्या लेकीचे, क्षमाचे, गणवेश वाळतात. प्रत्येक संकल्पाची सुरुवात त्याच्या खरेदीने आणि शेवट माझ्या आवराआवरीने. मी चिडायचे, चारचौघांत त्याची टिंगल करायचे. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र बिघडलं. माझं यकृत निकामी होत चाललंय असं निदान झालं. दारूचा थेंब न घेता! हे नातेवाइकांना पटवता पटवता जीव मेटाकुटीला आला. आपलं शरीरच आपल्या यकृतावर उलटतं असा एक आजार असतो, तो मला झाला होता आणि औषधांना दाद देईनासा झाला होता. डोळे पिवळेधमक, पोटात पाणी, पाय सुजलेले, अंगाला सतत खाज. यकृत बदलणं हाच उपाय होता. मेलेल्या माणसाचं यकृत मिळायला रांग फार मोठी. जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकतो आणि तो दोघांच्याही पोटात पुन्हा वाढतो, पण द्यायचा कुणी? क्षमा अकरावीत, कायद्याने चालत नाही. माझ्या भावाचा, उन्मेषचा, रक्तगट जुळेना. उरला गजेंद्र, आणि त्याचा जुळला.

"पण तुमच्या यकृतात चरबी फार आहे," डॉक्टर जननी त्याला म्हणाल्या. माझं ऑपरेशन त्याच करणार होत्या. "असं यकृत कापलं तर तुम्हालाही धोका आणि यांनाही. पण चरबी उतरते. रोज चालायचं. रोज मोजकं खायचं. दोन-तीन महिने, पण रोज. आठवड्यातून दोनदा जोर करून काही होत नाही."

बाई दर वाक्यात रोज म्हणत होत्या आणि दर खेपेला मी गजेंद्रकडे बघत होते. गजेंद्र ताडकन उठून उभा राहिला. "डन, डॉक्टर!"

घरी येताना वाटेतच बूट घेतले. मनगटावर बांधायचं यंत्र घेतलं. घाम शोषून घेणारे दोन टी-शर्ट घेतले. गाडीत मागे बसून मी त्या पिशव्यांकडे बघत होते. मला मरायचं नव्हतं. क्षमाची बारावी बघायची होती. आणि माझा जीव आता या माणसाच्या हातात होता, ज्याने आयुष्यात एक टूथपेस्टही शेवटपर्यंत पिळली नव्हती.

आहारतज्ज्ञ मुलीने सांगितलं होतं, भात कमी, पोळी कमी, गोड बंद. तेवढ्यात श्रावण लागला आणि गजेंद्रच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, भात नाही, पोळी नाही, म्हणजे उपासच की! आपल्या पूर्वजांनी सगळं करून ठेवलंय." सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. वर एकादशी आणि चतुर्थी. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावून तो स्वतः साबुदाण्याची खिचडी शिकला, कारण मला गॅससमोर उभंही राहवत नव्हतं. दाण्याचं कूट सढळ, तूप सढळ, बटाटा हवाच, वर गोड दही. शेंगदाण्याची आमटी आणि भगर. संध्याकाळी उपासाचा चिवडा. आणि उपासाच्या दिवशी चालायचं नाही, अशक्तपणा येतो. उरलेल्या दिवसांत कधी पाऊस, कधी कंपनीची बस लवकर. आहारतज्ज्ञ मुलीला त्याने फोनवर सांगितलं, "मी आठवड्यात चार दिवस फास्टिंग करतोय," तर ती बिचारी हरखून गेली. त्या फास्टिंगमध्ये काय काय असतं, हे तिने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. मलाही, खरं सांगते, त्यात काही वावगं दिसलं नाही. उपास म्हणजे उपास.

गणपती झाल्यावर पुन्हा स्कॅन झाला. चरबी वाढली होती.

डॉक्टर जननींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटचा स्कॅन करू. त्यापुढे यांची तब्येत थांबणार नाही. तोवर उतरली नाही, तर मी तुमचा विचार सोडून देणार आणि आपण रांगेत वाट बघणार." रांगेत वाट बघणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी एकादशी. कुणाला काही उमगत नव्हतं, म्हणून गजेंद्रने तोंड पाडून, पण निष्ठेने, पुन्हा खिचडी केली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या गोदामामी मला बघायला आल्या. या मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इकडे आले आणि त्यांची मराठी तिथेच थांबली. निवृत्त शिक्षिका. सत्तरी उलटलेल्या, पण पाठीचा कणा ताठ.

"काय हो गजेंद्रराव," त्या दारातूनच म्हणाल्या, "आज एकादशी की नाही? मग घरांत लग्नाचा वास कां येतो?"

"उपासाचंच आहे मामी. साबुदाणा."

मामींनी कढईत डोकावून पाहिलं. "हे जव्वरिसी? ह्याचं अम्ही पायसम करतों. वडाम-पापड्या वाळवतों. हे एकादशीला कोण खातं?"

"म्हणजे? तुम्ही काय खाता?"

"एकादशीला काय खाणार? तुळशीचं पाणी पितों. फार झालं तर दूध, कोंजम." त्यांनी झाऱ्याने खिचडी उचलून परत कढईत सोडली. तूप ओघळलं. "अय्यो! शेंगदाणा, उरुळैकिळंगु म्हणजे तुमचा बटाटा, तूप. हे जेवण नव्हे, हे लेकीचं बारसं आहे."

मला हे सगळं पलंगावरून दिसत होतं. क्षमा फोनवर काहीतरी शोधत होती. "बाबा," ती म्हणाली, "एक प्लेट खिचडी म्हणजे तुझ्या नॉर्मल जेवणापेक्षा जास्त. डबल. तू चार दिवस डबल खात होतास. मस्ट बी ए जोक."

एकादशी आणि दुप्पट खाशी. लहानपणापासून मी ही म्हण हसत हसत म्हणत आले होते. सबंध महाराष्ट्र म्हणतो, आणि म्हणता म्हणता खातो. सगळा साबुदाणा इथल्याच सेलमचा, पण तो उपासाचा, हे इथल्या लोकांना ठाऊकच नाही आणि आम्हाला तो अन्न आहे हे ठाऊक नाही.

मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. मी पलंगावरून उठले, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले आणि ओरडले. "अरे, माझा जीव आहे रे हा! पेटी नाही, वांगी नाहीत! एकदा तरी, एकदा तरी आयुष्यात काही धडपणे शेवटाला ने!" आणखीही बोलले. मामींसमोर बोलले, पोरीसमोर बोलले. शेवटी धाप लागून खाली बसले. त्याने कढई उचलली आणि सगळी खिचडी मामींच्या कामवालीच्या डब्यात भरली.

मामी जाता जाता जिन्यात थांबल्या. "गजेंद्रराव, एक उपकार करा. माझा गुडघा वाकेना झालाय. उद्यां पहांटेपासून माझे दारीं झाडून पाणी शिंपडून द्या. रांगोळीचा कोलम मी घालतें, बाकी बादली माझ्यानं उचलेना."

गजेंद्र हो म्हणाला. याला कशाला नाही म्हणता येतं? अडचण दुसऱ्या दिवसापासून असते.

आणि दुसऱ्या दिवशी हा झोपून राहिला. सातला खालून गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं, तर मामींच्या दाराशी निम्मी गल्ली जमलेली. इथे उजाडण्याआधी ओल्या अंगणात कोलम पडतो म्हणजे पडतोच. दार कोरडं आणि कोलम नाही, याचा अर्थ एकच, घरात कुणीतरी गेलं. फुलवालीने समोरच्या शेषाद्रींना सांगितलं, शेषाद्रींनी वाण्याला, आणि लोक मामींचे यजमान राममूर्ती यांना शेवटचं पाहायला आले होते. शेषाद्री चक्क हार घेऊन उभे. मामी पांढऱ्या पिठीची वाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या, ढिम्म. अखेर राममूर्ती स्वतः वेष्टी सावरत बाहेर आले आणि त्यांनी लोकांना आपण जिवंत असल्याचं दाखवलं.

गजेंद्र तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पळाला. "मामी, तुम्ही कामवालीला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं होतं की," मामी म्हणाल्या. "मी वाट पाहिली."

बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी अंधारात तो उठून बाहेर पडला, आमच्या दाराची कडी वाजली. तिसऱ्या दिवशी वाजली. चौथ्या दिवशी मी जागीच होते, कान देऊन. वाजली. पाचव्या दिवशीही वाजली, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले.

एकदा माणूस अंधारात उठून अंगण झाडतो, बादली ओततो, घाम काढतो, की परत येऊन झोपण्यात अर्थ राहत नाही. मामींना हे पक्कं माहीत असणार. बादली पालथी घालून तो तसाच गल्लीपलीकडच्या तळ्याकडे जायचा आणि तळ्याभोवती चालून परत यायचा. मनगटावरचं यंत्र खणात पडलं. या वेळी काहीही नवीन विकत आणलं गेलं नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा आशा वाटली. खाणंही बेचव आणि ठरलेलं: सकाळी दोन इडल्या, दुपारी कोशिंबीर, डाळ आणि मूठभर भात, संध्याकाळी सातच्या आत ताक नि भाजी. तेच ते. "कंटाळा येत नाही का रे?" मी विचारलं. "येतो की," तो म्हणाला आणि काकडी चिरत राहिला.

दिवाळीत साताऱ्याहून फराळाचं खोकं आलं. त्याने ते न उघडता कारखान्यात नेलं आणि बसमध्येच वाटून टाकलं. सासूबाई फोनवर रडल्या, मीही रडले, कारण त्यांच्या हातची कडबोळी मलाही चालत नव्हती.

मग एन्नोरला त्याच्या शिफ्टमधल्या कार्तिकचं लग्न लागलं. केळीच्या पानावर तिथे काय काय वाढलं असेल ते सांगायला नको. गजेंद्र घरी आला तो चोरासारखा. "तीनदा पायसम घेतलं," तो म्हणाला. "वडेही. भातही. सगळं मोडलं, विद्या."

मी मनातून खचले. आमच्याकडे व्रताचं असंच असतं ना, एकदा मोडलं की मोडलं. नंतर माणूस सुटतोच. मी याला अशाच एका लग्नानंतर ट्रेडमिलवरून उतरलेलं पाहिलं होतं. सकाळी मी डोळे मिटून पडून राहिले. बाहेर अजून काळोख. आणि कडी वाजली. खालून झाडूचा खरखर आवाज आला, मग पाण्याचा सपकारा, मग मामींचा आवाज, "इकडे कोरडं राहिलं, गजेंद्रराव." नंतर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, मामी पिठी घेऊन बसणार. त्यांना काय सांगू, काल मी पायसम खाल्लं म्हणून?"

नोव्हेंबरच्या अखेरीस वादळ आलं. आमच्या चितलपाक्कमचं तळं भरून वाहिलं आणि गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी चढलं. मामींच्या घरात शिरलं, म्हणून मामी आणि राममूर्ती आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. वीज नाही, कंपनीची बस नाही, तळ्याकाठची वाट पाण्याखाली. डॉक्टरांनीही माफ केलं असतं असा तो दिवस. स्कॅन आठवड्यावर आला होता, आणि मी पलंगावर पडल्या पडल्या मनात म्हटलं, जाऊ दे, आज तरी झोपू दे बिचाऱ्याला.

अंधारात तो उठला. आमच्याच फ्लॅटच्या दारासमोरची फरशी त्याने पुसली, ओंजळीने पाणी शिंपडलं. मामी भिंतीला टेकून वाकल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी छोटासा कोलम काढला. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली. वर गच्चीपर्यंत, खाली पाण्याच्या काठापर्यंत. पुन्हा वर, पुन्हा खाली. बाहेर वारा घोंघावत होता आणि आत त्याची पावलं. मध्येच थांबली तर माझा श्वास थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायची. किती वेळ ते चाललं कोण जाणे. नारळाची झावळी खिडकीवर आपटत होती, राममूर्ती पलीकडे घोरत होते, आणि मला माझा नवरा इतका आवडला, इतका आवडला, की कॉलेजात तसा कधी आवडला नव्हता. चरबी उतरो न उतरो, हा माणूस माझ्यासाठी जिने चढतोय. मला वाटलं, आता काहीही झालं तरी मी हे ऐकलेलं आहे.

पाणी ओसरलं, स्कॅन झाला. डॉक्टर जननी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी जुनं चित्र शेजारी उघडलं, पुन्हा नव्याकडे पाहिलं.

"हे तुमचंच आहे ना?" त्यांनी गजेंद्रला विचारलं.

"का? पुन्हा वाढली?" त्याचा चेहरा उतरला.

"नाही हो. इतकी स्वच्छ यकृतं मला पंचविशीतल्या पोरांचीही मिळत नाहीत. काय केलंत तुम्ही?"

"मामींच्या दारात पाणी शिंपडलं," गजेंद्र म्हणाला. बाईंना काही कळलं नाही. आणि मग त्याने डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला, पन्नाशीचा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ केवढीशी झाली होती! शर्ट तिच्यावर लोंबत होता. क्षमाने खुर्चीवरून उडीच मारली आणि तमिळमध्ये काहीतरी इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरची नर्स धावत आली.

आठवड्याभरात ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं शेजारशेजारच्या खाटांवर होतो. मला फार भीती वाटत होती, माझ्यापेक्षा त्याच्या जिवाची. "अजूनही नाही म्हण," मी त्याला म्हटलं, "मी रागावणार नाही." तो म्हणाला, "गप्प बस. मला पहाटे उठायचंय."

शुद्धीवर आले ती आयसीयूत. अंगभर नळ्या. डॉक्टर जननी पायाशी उभ्या होत्या. टाके घालायच्या आधीच, टेबलावरच नव्या यकृतातून पित्त पाझरायला लागलं, असं त्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून ते थांबलेलं नाही. "काही यकृतं रुसतात, दोन-तीन दिवस घेतात," त्या म्हणाल्या. "हे कामाला लागलंय." मी हात वर करून नखं पाहिली. गुलाबी होती.

तिसऱ्या दिवशी काचेपलीकडे गजेंद्र दिसला. एका हाताने सलाइनचा खांब ढकलत, दुसऱ्या हाताने पोट धरून, वाकून चालत होता. मागून नर्स ओरडत होती, "सार, पोदुम! पुरे! दोनच फेऱ्या सांगितल्या होत्या!" माझ्या काचेसमोर येऊन तो थांबला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्याने हात हलवला. मी हसायला गेले आणि टाके दुखले.

आणि मग पोटातून काहीतरी वर आलं. आधी ओळखूच येईना, दुखतंय की काय असं वाटलं. वर्षभरात मला अशी कळ आली नव्हती.

"सिस्टर," मी हाक मारली, "मला भूक लागलीय."

"आता?"

"आत्ताच्या आत्ता. भयंकर."

तिने मऊ भाताची वाटी आणली आणि मला भरवायला लागली. मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. गजेंद्र काचेला कपाळ टेकवून बघत होता, रडतही होता आणि दात काढून हसतही होता. शेवटचा घास संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. मी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि ती रिकामी वाटी उचलून त्याला दाखवली.